डिकीतली जागा

जयराजनं मलकापूरच्या दुकानात गाडीतले कंपनीचे स्पीकर काढून नवे बसवून घेतले. शेवटी फिटरनं डिकीत वूफरची भलीमोठी पेटी बसवली. पूजेसाठी जयराजनं आईला मुद्दाम आणलं होतं. व्हीलचेअरवरून वाकून तिनं पेटीला हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ ठेवला. “दादा, डिकीत खुर्ची मावत न्हाई,” फिटर म्हणाला. “राहू द्या तुमच्याकडंच,” जयराज म्हणाला, “बसायला हुईल.” “आरं, मग मंगळवारी दवाखान्यात कशी जाऊ?” आईनं विचारलं. “लय झालं दवाखानं. दोन वर्षांत पाय हाललं का तुझं?” त्यानं तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि आवाज पूर्ण सोडला. सीट थरथरली. तिचे लुळे गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. तिनं ते दोन्ही हातांनी दाबून धरले. आरशात बघून जयराज हसला. “बघ की आई, लागलं का न्हाई हालायला?”