अकराचे पट्टे

बरोबर अकराला दोनशे जणांचे दंड आणि पोटऱ्या थरथरू लागल्या. अंगाला बांधलेले कंपनीचे विजेचे पट्टे त्यांना बसल्या जागी व्यायाम घडवत होते. बोटं तेवढी मुकाट्याने काम करत होती.

कचेरीचे प्रमुख निमकर सरांनी त्या दोनशेंतल्याच मृण्मयीने आखलेली व्यायामाची नवी योजना वाचली.

"हे काय? 'पट्टे काढा. जिन्याने तिसऱ्या मजल्यावरच्या पाळणाघरात जा. आपलं, नाहीतर दुसऱ्याचं लेकरू कडेवर घेऊन गच्चीत फिरवा.' अहो, वीस मिनिटं काम थांबेल!"

"थांबू दे, सर."

"पट्ट्याने तुमचे दंड बघा कसे कमावलेत!"

"कमावलेत ना? पण दिवसभरात माझ्या ओवीला एकदाही उचलत नाहीत. तिला वर यंत्र झोके देतं."

"पट्टा काढलात तर नोकरी जाईल."

मृण्मयीने आपले सगळे पट्टे सोडून खुर्चीत ठेवले आणि ती जिन्याकडे निघाली. पाय दणकट होते, पण पायऱ्यांची सवय मोडलेली. पहिल्याच वळणावर ती अडखळली.

खालून शेजारच्या खुर्चीतले बोरकरकाका ओरडले, "पोरी, थांब की! माझी नातवंडं गावाला आहेत. तुझी ओवी देशील ना घटकाभर?"

त्यांच्यामागे पावलंच पावलं वाजत होती.

खाली रिकाम्या खुर्च्यांवर पट्टे एकटेच थरथरत राहिले.