बुधरीनं मागितलेला दंड

लच्छू पाटलानं सगळं माफ करून टाकलं, आणि बुधरीला नेमकं तेच नको होतं.

तिच्या अंकुशनं चार महिन्यांपूर्वी परजातीची खुशबू लग्न करून आणली होती, तीही पंचांना न विचारता. तेव्हापासून गावातलं कुणी बुधरीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हतं. गावाची रीत जुनी. पंचांनी दंड सांगायचा, दंड म्हणजे गावजेवण, आणि नव्या सुनेच्या हातचं सगळे जेवले की झाली ती गावची. त्यासाठीच आज बैठक होती. पण मागच्या आठवड्यात लच्छू पाटील तालुक्याच्या सभेला जाऊन आला होता. लग्नावरून कुणाला दंड केला तर पंचच आत जातील, असं तिथं बजावलं होतं. म्हाताऱ्यानं धसकाच घेतला. कुणाचा काही गुन्हा नाही, सुखानं नांदा, असं म्हणून तो उठलाच.

खुशबूचा चेहरा खुलला. दंड हा शब्दच तिला सोसत नव्हता. बुधरी मात्र जागची हलली नाही.

"भाऊ, माफ केलं म्हणता, मंग माह्या घरी पाणी पेता का?"

लच्छू इकडंतिकडं बघू लागला. बाकीचे पंच चपला शोधायला लागले.

"मले माफी नोको. दंड द्या."

आता काय करावं? दंड दिला तर कायदा, न दिला तर ही बाई उठत नाही. लच्छूची पुरती पंचाईत झाली. खुशबू सासूकडे बघत राहिली. बुधरीनं पंचांपुढं पदर पसरला होता. मग खुशबूच पुढे आली.

"आबाजी, उद्या आमच्या घरी जेवाले या. दंड नाई, मी बोलावून राह्यली."

बोलावण्याला कायदा कुठं आडवा येतो? पंचांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं गाव अंगणात पंगतीला बसलं. खुशबूनं भात वाढला, कोंबडीचा रस्सा वाढला. लच्छूनं हात घातल्याशिवाय कुणी घास घेईना. त्यानं कालवलं, पहिला घास सावकाश चावला.

"रश्श्यात मीठ कमी हाये, सूनबाई."

मीठ बरोबर होतं. बुधरीनं दोनदा चाखलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"तुमीच सांगा तिले, भाऊ. माहं तं ऐकतच नाई."