रोलर किती उरला होता

"लोक काहीही म्हणोत, ते संपले नव्हते," वसुमती म्हणाली, आणि बिंदुमाधवच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा त्या माणसाचं पुराण सुरू झालं होतं.

समोरच्या खुर्चीत रत्नाकर बसला होता. मूळचा पुण्याचा, पण आता इथल्या, कानडी मुलखातल्या एका वर्तमानपत्रात खेळांबद्दल लिहिणारा. राजाजीनगरातलं हे घर शोधत तो इथल्याच शिवाजीनगरहून बस बदलत आला होता. आल्या आल्या त्याने बिंदुमाधवला वाकून नमस्कार केला होता. पोरगा वळणाचा आहे, घरच्या यजमानाचा मान ठेवतो, असं बिंदुमाधवला वाटलं. पण मग त्याने खुर्ची वळवली ती वसुमतीकडे. येणारे सगळे तसंच करत.

विषय एकच, रोलर. कँटोन्मेंटातल्या गोऱ्या सोल्जरांनी ठेवलेलं नाव. रस्त्यावर खडी दाबतो तो रोलर, तसा हा हेवीवेट बॉक्सर. स्वातंत्र्याच्या आधी त्याच्यासमोर कोणी टिकत नसे. मग त्याने खेळ सोडला. आणि चाळिशी उलटल्यावर, लोक मुलीच्या लग्नाच्या काळजीत असतात त्या वयात, हा गडी पुन्हा रिंगणात उतरला. त्यालाही आता सहा-सात वर्षं झाली होती. त्या उतारवयातल्या सामन्यांत तो खरंच चांगला होता की जुन्या नावावर खपून गेला, हे रत्नाकरला लिहायचं होतं.

"मी त्यांचे सगळे सामने पाहिलेत," वसुमती म्हणाली.

पाहिलेत म्हणे. नऊवारी नेसून, कँटोन्मेंटात, विड्या फुंकणाऱ्या गर्दीत बसून. त्या संध्याकाळी आपण कुठे होतो ते बिंदुमाधवला काही केल्या आठवेना. अकाउंट्सच्या कचेरीत खर्डेघाशी करत असणार, दुसरं काय. नवरा कचेरीत आणि बायको रिंगणापाशी.

"पाय गेले होते, ते खरं," ती सांगत होती. "पूर्वीसारखं नाचता येत नव्हतं. मग काय करायचे, मधोमध उभे राहायचे आणि समोरच्या पोरालाच भोवती फिरवायचे. पोरगं स्वल्प दमलं की डावा हात. तो मात्र होता तसाच होता."

"पण अक्का, क्लबातले जुने लोक म्हणतात, समोरचे मुद्दाम सोडून देत होते. वयाचा मान राखून." इथल्या रीतीने अक्का म्हणायला रत्नाकर शिकला होता.

"सरी, बरं. मग मिलिटरीतल्या देवाप्पाला जाऊन विचारा. त्याचा जबडा सांगेल." वसुमती हसली. "त्या दिवशी अंगात ताप होता. मी हाताला पट्ट्या बांधत होते, तर हात चटका देत होता. तरी जिंकले."

पट्ट्याही हीच बांधत होती. त्याचा हात हातात घेऊन. आणि हे नवऱ्यादेखत, परक्या माणसाला, जराही न लाजता सांगत होती. बिंदुमाधव जळून खाक झाला. अशा वेळी तिचे डोळे नव्या नवरीसारखे चमकत. आपल्याबद्दल बोलताना ते कधी चमकले होते? आपल्याबद्दल ती शेजारणींना सांगायची ते एवढंच, की आज नीट जेवले, किंवा आज नाही जेवले.

भिंतीवर त्या माणसाचा फोटोसुद्धा होता. उघडी छाती, गळ्यात पदक, तोंडावर माज. वसुमती तो रोज पुसायची. हार मात्र घालत नसे. म्हणजे मेलेला नाही. आज ना उद्या तो दारात उभा राहील आणि ही पायात चपला सरकवून त्याच्यामागून चालू लागेल, ही धास्ती बिंदुमाधवची पाठ सोडत नसे. बाकीचं हल्ली विसरायला होई, वयच तसं. ही धास्ती मात्र तो विसरत नसे. ती गेली तर आपल्याला कोण आहे?

"शेवटचा सामना?" रत्नाकरने जपून विचारलं.

"कोलारच्या पोराशी. हरले. पण पडले नाहीत. तो डोक्यावर मारत राहिला आणि ते उभेच. पंच थांबवायला आले तर नको म्हणाले. लोक उठून टाळ्या वाजवत होते. पडले असते तर बरं झालं असतं."

हरला तरी कौतुकच. याला म्हणतात नशीब.

"म्हणजे त्या वयातही रोलर चांगलाच होता, असं लिहू ना?"

"लिहा. नको इतके चांगले होते ते."

तेव्हा बिंदुमाधवच्या लक्षात आलं. एवढ्या वेळात तिने त्या माणसाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. रोलरसुद्धा म्हणाली नव्हती. त्यांच्या घराण्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि वसुमतीने बिंदुमाधवचं कधीच घेतलं नव्हतं. निदान तेवढा एक मान आपल्यासाठी राखलेला आहे, अशी त्याची समजूत होती. तोही तिने त्या रोलरला देऊन टाकला होता.

त्याने घाईघाईने कॉफीचा घोट घेतला, तो हनुवटीवर ओघळला.

"एवढा चांगला होता, तर त्याच्याशीच करायचं होतंस लग्न," तो म्हणाला. बोलताना त्याचा आवाज रडवेला झाला.

रत्नाकरने लिहिणं थांबवलं आणि मान खाली घातली. वसुमती उठून बिंदुमाधवजवळ आली. पदराने तिने त्याच्या हनुवटीवरची कॉफी टिपली.

"त्यांच्याशीच केलंय हो," ती म्हणाली. "रोज सांगते मी तुम्हाला."