शून्याची पानं

तपासणीच्या ताटलीतल्या शून्याच्या खळग्यात निळा रंग चढला आणि रसिकाचं डोकंच फिरलं.

दोन वर्षं खपून तिने सशांच्या रक्तातून अँटीबॉडी काढली होती. मातीतल्या एका जिवाणूत अळ्या मारणारं प्रथिन असतं. बियाणं बदलून ते पिकातही आणतात. ते पिकाच्या पानात आहे का, किती आहे, हे त्या अँटीबॉडीने सांगायचं. प्रथिन असलं की रस निळा होणार, नसलं की तस्साच राहणार. साध्या वांग्याचं पान म्हणजे शून्य. आता शून्यच निळं झालं तर पुढचं सगळं मातीत की!

ही साधी पानं दर सोमवारी सुदेश आणायचा. डोंबिवलीतल्या तिच्या प्रयोगशाळेतला तो मदतनीस, राहायला खडवलीला. घरामागे आईने वांगी लावली होती, त्यांचीच पानं.

"खरं सांग, कुठून तोडलीस?" रसिकाने सगळ्यांसमोर विचारलं.

"आमच्या परसातलीच आहेत, मॅडम."

"मग काय माझी अँटीबॉडी खोटं बोलते? वाटेत दिसेल ते ओरबाडून आणायचं आणि वर तोंड करून बोलायचं! लाज नाही वाटत?"

सुदेशने उरलेली पानं गोळा केली. हे शब्द आपल्यालाच जन्मभर खुपणार आहेत, हे तेव्हा तिला कुठे ठाऊक! दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला काचसामान धुवायला बसवलं. तेवढ्याने बाईंचं समाधान होतंय होय? त्याला कामावरून काढावं, असा अर्जही तिने लिहून ठेवला. फक्त पुरावा हवा होता.

दोन आठवड्यांनी, सुदेश कामावर असताना, ती स्वतःच खडवलीला गेली. सुदेशच्या आईला, हौसाबाईंना, कोण आनंद! त्यांनी पाट दिला, चहा केला, मग कप हातात देऊन हौसेने परसात नेलं.

एकूण एक वांग्याला भोक. शेंडे माना टाकलेले. रसिका मनात खूश झाली. अळ्या इथे मजेत जगताहेत, म्हणजे प्रथिन नाही, म्हणजे ती पानं इथली नव्हतीच. सापडला चोर!

"अगंबाई, फारच किडलीत हो मावशी," ती म्हणाली.

"काय सांगू बाई! निर्मळ होती नुसती. दिवाळीला तुमी ती जिवाणूची पावडर नाय का दिलेली? विषारी फवारू नका म्हणून? सुदेश दर रविवारी मारायचा, न चुकता."

रविवारी फवारा, सोमवारी पानं. तेच प्रथिन, तिच्याच हातचं! देऊन ती साफ विसरून गेली होती. अँटीबॉडी खरं बोलली होती. सुदेशही. पर्समध्ये तो अर्ज होता, आणि हातात या माउलीचा चहा. तिला मान वर करवेना.

"मग... थांबवलीत का?" तिने कसंबसं विचारलं.

"त्यानंच थांबवली, पंधरा दिस झाले. त्या सोमवारी घरी आला नि म्हणाला, वांगी गेली तर जाऊ दे आये, आपल्या फवाऱ्यानं मॅडमच्या कामात घोळ होतो." हौसाबाईंनी आवाज खाली आणला. "पन मी सांगितलं म्हणून बोलू नका हां त्याला. म्हणाला, मॅडमना कळू देऊ नको, चारचौघांत लाज वाटंल त्यांना."