झाकलेला हुकूम

लंडनच्या पार्लमेंटात भाषणाआधी राजेसाहेबांना झगा चढवतात, त्या खोलीच्या भिंतीवर एक जुना हुकूम लावलेला आहे. पार्लमेंटशी भांडलेल्या एका राजाचं मुंडकं उडवण्याचा हुकूम, खाली एकोणसाठ जणांचे शिक्के. आज झगा चढवणाऱ्या पिमबाईंनी त्यावर आपली शाल टाकली होती.

"झग्याची गाठ गळ्याशी घट्ट तर नाही ना झाली, महाराज?"

"मान आहे तोवर चालेल, पिमबाई." मग राजेसाहेबांची नजर भिंतीकडे गेली. "हे कोणी झाकलं?"

"मीच. आज तरी तुम्हाला ते दिसू नये."

राजाला मंत्र्यांनी लिहून दिलेलंच भाषण वाचावं लागतं, आणि आजच्या भाषणात फौज लढाईवर धाडायचं वाक्य होतं. पिमबाईंचा नातू त्याच फौजेत होता, आणि राजेसाहेबांना ते ठाऊक होतं.

त्यांनी शाल काढली, घडी घालून बाईंच्या हातात दिली. "ते वाक्य मी मंत्र्यांकडे दोनदा परत पाठवलं. दोन्ही वेळा जसंच्या तसं आलं."

दाराआडून पिमबाईंनी भाषण ऐकलं. त्या वाक्यावर राजेसाहेबांचा आवाज जराही अडखळला नाही.

ते परत आले तेव्हा बाईंनी गाठ सोडली. ती त्यांनी मुद्दाम सैल बांधली होती. तरी राजेसाहेबांच्या मानेभोवती लाल वळ उमटला होता.