घाणेरीची फुलं

वज्रेश्वरीजवळच्या टेकडीवर माजलेली घाणेरी उपटायला रीमा आणि तिचे मित्र दर रविवारी येत. गावातली काशीआजी मात्र रोज येई. मुळासकट खणलं तरी पावसात घाणेरी पुन्हा फुटायची, आणि आजी पुन्हा कुदळ घ्यायची.

आज ती मटकन खाली बसली. तळहात सोलून निघाले होते.

रीमाने पाण्याची बाटली पुढे केली. "आजी, पुरे आता. या वयात किती जीव आटवाल? करवंदीची सगळी जाळी गिळली हिने. कुठून आली कुणास ठाऊक!"

आजीने दोन घोट घेतले.

"माझ्या माहेरून. लगीन होऊन आले तवा करमत न्हवतं, म्हनून एक फांदी आनून मीच लावली हितं."