एकोणतीस साती
विडीला कधी हात न लावलेल्या कमलाकांत गुरुजींना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही शेवटच्या टप्प्यातला. शेजारच्या मारुतीने विचारलंच, "गुरुजी, चोरून दम मारायचे काय तुमी?"

"पोरांना दम दिला रे, मारला कधीच नाय!" गुरुजी हसले आणि ओटीवर शिकवणीला बसले. शिकवणी बंद करा, असं सगळे सांगून थकले होते.

एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवताना सातव्यावर त्यांना धाप लागली. संपली आपली शिकवणी, असं गुरुजींना पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात रोज पाढ्यात अडखळणारी स्वरा त्यांच्याच सुरात म्हणाली, "घाई नाय. दम धरा. पाढा कुठं पळून जात नाय."

गुरुजींनी दम धरला.

"एकोणतीस साती... दोनशे तीन."